पागोळी, दोर आणि दगड : एका जपानी म्हणीचा चिनी पूर्वेतिहास

१

चिकाटीचा महिमा सांगणाऱ्या ज्या म्हणी जपानी भाषेत आजही नित्याच्या वापरात आहेत, त्यांत ‘आमादारे इशि ओ उगात्सु’ ही एक प्रमुख म्हण होय. ‘आमादारे’ म्हणजे छपराच्या कडेवरून ओघळणारे पावसाचे पाणी. मराठीत या वस्तूसाठी शब्द शोधावा लागत नाही. आपण तिला पागोळी म्हणतो. म्हणीचा शब्दशः अर्थ ‘पागोळी दगडाला भोक पाडते’ असा आहे. हीच म्हण ‘तेन्तेकि इशि ओ उगात्सु’ या रूपातही आढळते. ‘तेन्तेकि’ हा चिनी घटकांपासून घडलेला शब्द असून त्याचा अर्थ थेंबाथेंबाने पडणारे पाणी असा आहे. आजच्या जपानी रुग्णालयात शिरेतून थेंबाथेंबाने दिल्या जाणाऱ्या द्रवालाही हाच शब्द लावतात. दोन्ही रूपांचा प्रचलित आशय एकच आहे : अल्प शक्तीचा माणूसही सातत्य सोडत नसेल तर मोठे कार्य तडीस नेतो.

जपानी शब्दकोशांत आणि म्हणींच्या संग्रहांत या म्हणीपुढे तिचे उगमस्थान म्हणून ‘हान शू’ या चिनी इतिहासग्रंथातील मेइ चंग याच्या चरित्राचा निर्देश केलेला असतो. शब्दांपुरता हा निर्देश अचूक आहे. परंतु ते चरित्र काढून वाचणाऱ्याला एक विलक्षण गोष्ट जाणवते. तेथे चिकाटीची प्रशंसा नाही. तेथे आहे ती सावधगिरीची सूचना. पाणी दगडाला भोक पाडते हे तेथे कौतुकाने सांगितलेले नाही, भयाने सांगितलेले आहे.

मग कोशकारांनी दाखवलेला उगम हा म्हणीचा उगम मानायचा की केवळ तिच्या शब्दांचा? प्रतिमा एका मार्गाने येते आणि आशय दुसऱ्या मार्गाने येतो, असे घडू शकते काय? प्रस्तुत निबंधात या प्रश्नाचा विचार तीन संहितांच्या आधारे करावयाचा आहे : हान राजवटीतील एक विनंतिपत्र, सुंग राजवटीतील एक न्यायनिवाडा आणि भारतीय परंपरेतून चिनी भाषेत उतरलेले एक बौद्ध सूत्र. विवेचनासाठी एकच कसोटी पुढे ठेवतो. प्रत्येक ठिकाणी आपण असे विचारू, की हा दगड कोणाचा आहे? दगड आपला असेल तर थेंब शत्रू ठरतो. दगड आपल्या वाटेत आडवा पडलेला असेल तर थेंब म्हणजे आपणच.

२

मेइ चंग हा इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातील साहित्यिक आणि दरबारी. ‘ची फा’ या त्याच्या दीर्घ रचनेमुळे चिनी वाङ्मयाच्या इतिहासात त्याचे स्थान निश्चित झाले आहे. तथापि ज्या मजकुराशी आपला संबंध आहे, तो त्याने वू राज्याचा अधिपती ल्यू पी याला लिहिलेल्या विनंतिपत्रात आला आहे.

या पत्रामागील राजकीय स्थिती थोडक्यात ध्यानात घेतली पाहिजे. हान घराण्याच्या संस्थापकाने आपल्या नातलगांना मोठमोठी राज्ये वाटून दिली होती. ल्यू पी हा संस्थापकाचा पुतण्या. त्याच्या राज्यात तांब्याच्या खाणी होत्या आणि समुद्रकिनाऱ्यावर मीठ पिकत होते. नाणी पाडून आणि मीठ विकून त्याने अफाट संपत्ती जमवली. राजधानीत गेलेल्या त्याच्या मुलाचा आणि तत्कालीन युवराजाचा पटावरील खेळात तंटा झाला आणि युवराजाने पट फेकून मारल्याने मुलगा मेला. हाच युवराज पुढे सम्राट चिंग म्हणून गादीवर आला. पुत्रवियोगाचे शल्य आणि संपत्तीचा माज यांतून ल्यू पीच्या मनात बंडाचा विचार हळूहळू मुरत गेला. संस्थानिकांचे प्रदेश कमी करण्याचे धोरण केंद्रसत्तेने अवलंबिले, तेव्हा इ. स. पूर्व १५४ मध्ये ‘सात राज्यांचे बंड’ म्हणून प्रसिद्ध असलेला उठाव झाला. ल्यू पी त्याचा म्होरक्या होता.

मेइ चंगचे पत्र बंड उघड होण्यापूर्वीचे आहे आणि ही गोष्ट त्याच्या शैलीच्या दृष्टीने निर्णायक ठरते. जे अजून घडलेले नाही आणि ज्याचे नाव उच्चारणे हाच अपराध ठरेल, त्याविषयी धन्याला सावध करायचे आहे. म्हणून सारे पत्र दृष्टान्तांनी बोलते. सुदैवाला जसा पाया असतो तसा आपत्तीलाही गर्भ असतो. तो गर्भ वेळीच नष्ट केला तर आपत्ती येईल कोठून, असा प्रश्न तो विचारतो. त्यानंतर येतात दोन प्रतिमा. थाय पर्वतावरून ठिबकणारे पाणी खडक पोखरते आणि विहिरीचा दोर काठावरचे लाकूड कापतो. पाणी हे काही गिरमीट नव्हे आणि दोर ही काही करवत नव्हे. हळूहळू होणाऱ्या झिजेमुळे असे घडते, असा खुलासाही तो जोडतो. पुढे तो वजनमापांचा दाखला देतो : अगदी लहान मापाने पुनःपुन्हा मोजत गेले तर शेवटी बेरजेत फरक पडणारच. मग वृक्षाचा दाखला येतो : अनेकांच्या कवेत न मावणारा वृक्ष कोंब असताना पायाने सहज मोडता आला असता.

वृक्षाचा दृष्टान्त वाचताना ‘लाओ त्झ’मधील चौसष्टाव्या प्रकरणाची आठवण होणे स्वाभाविक आहे. गोष्ट घडण्यापूर्वीच तिची व्यवस्था लावावी, हा विचार तेथेही आहे. मात्र पाण्याच्या प्रतिमेबाबत दोन्ही संहितांत फरक केला पाहिजे. ‘लाओ त्झ’च्या अठ्ठ्याहत्तराव्या प्रकरणात पाणी कठीणावर मात करते ते मृदुत्वाच्या सामर्थ्याने. मेइ चंगला मृदुत्वाचे काही अप्रूप नाही. त्याच्या विचाराचा गाभा आहे तो क्रमशः होणारी, डोळ्यांना न दिसणारी झीज. कोणत्याही एका थेंबाकडे पाहून धोका ओळखता येत नाही, हीच त्याची चिंता आहे.

आता आपली कसोटी लावू. येथे दगड कोणाचा? दगड राजाचा आहे. किंबहुना दगड म्हणजे राजाचे राज्य, त्याचे कूळ, त्याचे प्राण. थेंब म्हणजे रोज थोडा थोडा मुरणारा दुर्विचार. सांगणारा आहे सेवक आणि ऐकणारा आहे स्वामी. पत्राच्या अखेरीकडे मेइ चंग सत्कृत्यांच्या संचयाचाही उल्लेख करतो : सद्गुण साठत असताना त्यांचा चांगुलपणा लक्षात येत नाही, पण कधी तरी ते उपयोगी पडतात, तसेच न्याय सोडणाऱ्याला त्यातले वाईट कळत नाही, पण कधी तरी त्याचा नाश होतो. म्हणजे झिजेच्या नियमाला दोन्ही बाजू आहेत, हे त्याला ठाऊक होते. परंतु थेंबाची आणि दोराची प्रतिमा त्याने उभी केली ती आपत्तीच्या गर्भाला लागून. चिकाटीचे बीज या पत्रात असेल तर ते थेंबात नाही. पत्राच्या शेवटाकडील या वाक्यांत आहे आणि जपानी म्हणीने ती वाक्ये उचललेली नाहीत.

पत्राचा उपयोग झाला नाही. मेइ चंग वू राज्य सोडून ल्यांग राज्यात गेला. बंड तीन महिन्यांच्या आत मोडले गेले आणि ल्यू पी पळून जात असता मारला गेला. पुढे वृद्धपणी मेइ चंगला सम्राट वू याने सन्मानाने बोलावले. म्हाताऱ्याला धक्के बसू नयेत म्हणून चाकांना गवत गुंडाळलेली गाडी पाठवली. वाटेतच त्याचा मृत्यू झाला. दगडाला भोक पाडणारे पाणी ज्याने इतिहासात आणले, त्याच्या स्वतःच्या शब्दांना मात्र एका राजाचे मन पोखरता आले नाही.

३

दुसरी संहिता सुमारे चौदाशे वर्षांनंतरची आहे. दक्षिण सुंग काळातील लेखक लुओ दाचिंग याने तेराव्या शतकाच्या मध्यास ‘हलिन यूलू’ हा टिपणवजा ग्रंथ लिहिला. त्यात चांग युंग (९४६–१०१५) या अधिकाऱ्याची एक हकिकत आहे. चांग युंग हा छुंगयांग परगण्याचा दंडाधिकारी असताना खजिन्यातून बाहेर पडणाऱ्या एका कारकुनाच्या कानशिलाजवळ, टोपीखाली एक नाणे खोचलेले त्याला दिसले. विचारता ते खजिन्यातले निघाले. चांग युंगने त्याला फटके मारण्याचा हुकूम दिला. कारकून उसळला : एका नाण्याचे ते काय मोल? तुम्ही मला मारू शकाल, माझा जीव तर घेऊ शकणार नाही! त्यावर चांग युंगने लेखणी उचलली आणि निकाल लिहिला. त्यात आधी हिशेब होता : दिवसाला एक नाणे, तर हजार दिवसांत हजार नाणी. मग दोन प्रतिमा होत्या : दोराच्या करवतीने लाकूड तुटते, पाण्याच्या ठिबकण्याने दगडाला भोक पडते. एवढे लिहून तो स्वतः तलवार घेऊन पायऱ्या उतरला, कारकुनाचे मस्तक उडवले आणि नंतर वरिष्ठांकडे स्वतःविरुद्धच अहवाल पाठवला.

आजच्या चिनी भाषेत रूढ असलेले ‘श्वेइ दी, शी च्वान’ हे चार अक्षरी वाक्प्रचाराचे रूप या हकिकतीत ठाशीवपणे आलेले आहे. मेइ चंगचा पर्वत येथे गळून पडला आहे, स्पष्टीकरणही गळून पडले आहे. उरली आहेत ती निकालपत्राला शोभणारी आखूड, समतोल वाक्ये. दोर आणि पाणी ही जोडी मात्र कायम आहे. म्हणजे प्रतिमांची वंशावळ सरळ आहे.

आशयाची वंशावळही येथवर सरळच आहे. दगड कोणाचा? शासनाचा. थेंब म्हणजे रोजचे एक नाणे. हान काळातील पत्रात जी सावधगिरीची सूचना होती, ती येथे शिक्षेचे समर्थन झाली आहे. परंतु बोलण्याची दिशा उलटली आहे, हे महत्त्वाचे. तेथे सेवक स्वामीला सांगत होता. येथे अधिकारी हाताखालच्याला सांगतो आहे. तेथे बोलणाऱ्याच्या जिवाला धोका होता; येथे ऐकणाऱ्याचा जीव गेला.

लुओ दाचिंगने या कृत्याचा बचाव केला आहे. पंचराजवटींच्या काळापासून शिपाई सेनापतीला आणि कारकून वरिष्ठाला जुमानेनासे झाले होते, ती खोड मोडण्यासाठी चांग युंगने हे केले. प्रश्न एका नाण्याचा नव्हता, असे त्याचे म्हणणे. हा बचाव वाचताना आजचा वाचक अस्वस्थ होतो आणि त्याने व्हावे. कारण निकालातील अंकगणितच संशयास्पद आहे. हजार नाणी चोरलेली नव्हती. एकच चोरलेले होते. उरलेली नऊशे नव्व्याण्णव नाणी प्रतिमेने पुरवली. दृष्टान्ताला पुराव्याचे बळ दिले की काय होते, याचे हे साहित्याच्या इतिहासातील एक बोलके उदाहरण मानता येईल. थेंब आणि दगड यांची उपमा इतकी स्वयंसिद्ध वाटते, की न घडलेले हजार दिवस घडून गेल्यासारखे भासू लागतात.

४

तर मग ज्या थेंबाची आपल्याला स्तुती करता येईल, तो आला कोठून?

चिनी विचारात चिकाटीची स्वतंत्र परंपरा होतीच. ‘शुन्त्झ’ या ग्रंथातील विद्याभ्यासाचे आवाहन करणारे पहिले प्रकरण तिचे उत्तम उदाहरण. कोरणे मध्येच सोडणाऱ्याच्या हातून कुजके लाकूडही तुटत नाही आणि न सोडणाऱ्याच्या हातून धातू व दगडही कोरले जातात, असा तेथील विचार आहे. दगड येथे विद्यार्थ्यासमोरचा अडथळा आहे. मात्र त्याला भेदणारे साधन छिन्नी आहे, पाणी नव्हे. आशय आहे, प्रतिमा नाही.

पाणी आणि चिकाटी यांची गाठ बांधलेली दिसते ती एका बौद्ध सूत्रात. चिनी भाषेत ‘यिच्याओ चिंग’ आणि जपानीत ‘युइक्योग्यो’ म्हणून ओळखले जाणारे हे सूत्र म्हणजे परिनिर्वाणाच्या रात्री बुद्धाने भिक्षूंना केलेला अखेरचा उपदेश. परंपरेने त्याचा अनुवाद कुमारजीवाच्या (३४४–४१३) नावावर आहे. कुमारजीव इ. स. ४०१ मध्ये चांगआन येथे पोहोचला आणि त्याच्या अनुवादमंडळाने चिनी बौद्ध साहित्याची भाषाच घडवली. या सूत्राची मूळ भारतीय संहिता उपलब्ध नाही. तथापि त्याचा आशय अश्वघोषाच्या ‘बुद्धचरिता’च्या सव्विसाव्या सर्गाशी निकटचे साम्य दाखवतो. ‘बुद्धचरिता’चेही संस्कृतमध्ये पहिले चौदा सर्ग तेवढे उरले आहेत, आणि तेही काही ठिकाणी खंडित, उत्तरार्ध तिबेटी आणि चिनी अनुवादांतूनच वाचावा लागतो. म्हणजे भारतीय उपदेशाचा हा धागा भारताबाहेरच टिकून राहिला.

या सूत्रात वीर्याचे, म्हणजे नेटाने केलेल्या उद्योगाचे विवेचन करताना बुद्ध दोन दृष्टान्त देतात. पहिला पाण्याचा : लहानसा प्रवाहही सतत वाहत राहिला तर दगडाला भेदू शकतो, म्हणून उद्योग करणाऱ्याला काहीच कठीण नाही. दुसरा अग्नीचा : अरणी घासणारा माणूस ऊब निर्माण होण्यापूर्वीच थांबला, तर इच्छा असूनही त्याला अग्नी मिळणार नाही. दुसरा दृष्टान्त भारतीय यज्ञसंस्कृतीच्या परिचयाचा आहे, हे वेगळे सांगायला नको.

येथे दगडाची मालकी बदलली आहे. दगड भिक्षूचा नाही. तो त्याच्या वाटेत आहे. मेइ चंगचा राजा दगडाच्या बाजूने उभा होता, हा भिक्षू पाण्याच्या बाजूने उभा आहे. ज्या संथपणाची राजाला भीती वाटायला हवी होती, तोच संथपणा येथे दुबळ्याचे सामर्थ्य झाला आहे. सांगणारा मृत्युशय्येवरील गुरू आहे आणि ऐकणारे लवकरच पोरके होणार आहेत. दंड नाही, धाक नाही. पुढे कोणी पाठीशी नसताना चालत कसे राहायचे, एवढाच प्रश्न आहे.

‘वीर्य’ या संज्ञेसाठी चिनी अनुवादकांनी योजलेला शब्द जपानीत ‘शोजिन’ असा उच्चारला जातो. हा शब्द पुढे मठाच्या भिंती ओलांडून सर्वसामान्य व्यवहारात गेला. एखाद्या विद्येला वाहून घेणे यालाही ‘शोजिन’ म्हणतात आणि मठातील शाकाहारी स्वयंपाकालाही ‘शोजिन र्‍योरि’ म्हणतात. जपानी माणसाच्या मनात चिकाटीला जी एक व्रतस्थतेची छटा आहे, तिचा संबंध या शब्दाच्या प्रवासाशी लावता येतो.

५

जपानमध्ये या दोन्ही प्रवाहांची उपस्थिती स्वतंत्रपणे दाखवता येते.

मेइ चंगचे पत्र ‘हान शू’मध्ये आहेच; शिवाय शाओ तुंग (५०१–५३१) याने संपादित केलेल्या ‘वन श्वान’ या निवडक साहित्याच्या संग्रहातही त्याचा समावेश झाला. हा संग्रह जपानीत ‘मोन्झेन’ या नावाने ओळखला जातो. नारा आणि हेइआन काळांत चिनी विद्येच्या अभ्यासक्रमात त्याला मानाचे स्थान होते. सेइ शोनागोनने ‘माकुरा नो सोशि’मध्ये वाचनीय लेखन म्हणून ज्यांची नावे घेतली, त्यांत ‘मोन्झेन’ आहे. तेव्हा सुशिक्षित जपानी वाचकाला ही प्रतिमा सुंग काळातील निकालपत्राची वाट न पाहता परिचित झाली असणार.

बौद्ध सूत्राची परंपराही तितकीच ठळक आहे. झेन मठांत ते पायाभूत संहितांपैकी एक मानले जाते. सोतो पंथाचा प्रवर्तक दोगेन (१२००–१२५३) चीनमध्ये शिकून १२२७ साली परतला. त्याच्या ‘शोबोगेन्झो’ या ग्रंथातील ‘हाचिदाइनिनगाकु’ हे प्रकरण १२५३ च्या आरंभीचे असून ते त्याचे अखेरचे लेखन समजले जाते. त्याच वर्षी त्याचे निधन झाले. महापुरुषांच्या आठ जाणिवांचे हे विवेचन ‘युइक्योग्यो’वर आधारलेले आहे. चौथी जाणीव शोजिनाची आणि तेथे पाण्याने भेदलेल्या दगडाचा दृष्टान्त दोगेनने जसाच्या तसा घेतला आहे. स्वतःचा अंत जवळ आलेला असताना त्याने बुद्धाचा अखेरचा उपदेश हाती घ्यावा, ही योजना उघडच हेतुपूर्वक आहे.

आता म्हणीच्या शब्दांकडे वळू. तिच्या रचनेत तीन गोष्टी लक्षणीय आहेत.

पहिली गोष्ट वाक्यरचनेची. चिनी चार अक्षरी वाक्प्रचारात दोन समांतर वाक्ये आहेत : पाणी ठिबकते, दगडाला भोक पडते. कर्ता आणि कर्म यांचा संबंध तेथे व्याकरणाने सांगितलेला नाही. जपानी म्हणीत ‘इशि’ला कर्माचा प्रत्यय ‘ओ’ लागला आहे आणि ‘उगात्सु’ हे सकर्मक क्रियापद आहे. ही रचना मेइ चंगच्या वाक्याशी आणि सूत्रातील वाक्याशी जुळते, सुंग निकालाशी जुळत नाही. ‘उगात्सु’ लिहिण्यासाठी वापरले जाणारे चिनी चिन्हही त्या दोन जुन्या संहितांतलेच आहे.

दुसरी गोष्ट पाण्याच्या रूपाची. सूत्रात वाहता प्रवाह आहे, थेंब नाही. मेइ चंगच्या पत्रात मात्र जे चिन्ह आहे, त्याचा मूळ अर्थच छपरावरून गळणारे पाणी असा आहे. त्या चिन्हाचे जपानी वाचन ‘आमादारे’ असे करता येते. म्हणजे पागोळी जपानी कल्पकतेने नव्याने आणलेली नाही, ती हान काळातील पत्रातच होती. थाय पर्वताची पागोळी जपानी घराच्या ओसरीला आली, इतकेच.

तिसरी गोष्ट जे गाळले गेले त्याविषयी. दोर आणि लाकूड ही जोडीदार प्रतिमा जपानी म्हणीत नाही. पर्वत नाही, राजा नाही, आपत्तीचा गर्भ नाही. सावधगिरीची सूचना ज्या संदर्भावर उभी होती तो संदर्भच गेला, की उघडी पडते ती पाणी आणि दगड यांच्यामधील असमान झुंज. अशा मोकळ्या झालेल्या प्रतिमेला नवा आशय धारण करणे सोपे जाते आणि तो आशय बौद्ध उपदेशातून मुरलेला तयारच होता.

यावरून माझे प्रतिपादन असे, की या म्हणीचे शरीर ‘हान शू’चे आणि प्राण ‘युइक्योग्यो’चा आहे. कोशकारांनी नोंदवला तो शरीराचा जन्म. प्राण भारतीय उपदेशाच्या चिनी अनुवादातून आला. ‘चिनी उगम’ हा शब्दप्रयोग त्यामुळे खोटा ठरत नाही, पण तो दुहेरी होतो आणि त्यातील एका पदराच्या मागे आणखी एक भाषा उभी असते.

चीनमध्येही अर्थ पालटल्याशिवाय राहिला नाही. आजच्या चिनी व्यवहारात हा वाक्प्रचार प्रामुख्याने चिकाटीसाठीच योजला जातो. शी चिनपिंग हे फूच्येन प्रांतातील निंगद येथे पक्षाचे काम पाहत असताना १९९० साली त्यांनी ठिबकणाऱ्या पाण्याने दगड भेदला जाण्यातून मिळणारी शिकवण, अशा आशयाच्या शीर्षकाचा लेख लिहिला. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या संग्रहात तो समाविष्ट आहे. दारिद्र्यनिर्मूलनाचे काम सावकाश पण न थांबता करावे, असा त्याचा रोख आहे. एकेकाळी कारकुनाचा शिरच्छेद ज्या शब्दांनी झाला, तेच शब्द आता कार्यकर्त्यांना उत्तेजन देतात.

६

असा अर्थपालट हे पूर्व आशियाचे वैशिष्ट्य समजण्याचे कारण नाही. थेंबाने दगड पोखरतो, हे लॅटिन वचन युरोपात चिकाटीचे बोधवाक्य म्हणून रूढ आहे. परंतु ज्या ओव्हिडच्या पत्रातून ते आले, तो कवी सम्राट ऑगस्टसच्या आज्ञेने इ. स. ८ मध्ये काळ्या समुद्राच्या काठी हद्दपार झालेला होता आणि तेथे त्याची तक्रार अशी की थेंब, अंगठी, नांगराचा फाळ, सगळे काही झिजते, फक्त माझे दुःखभोग संपत नाहीत. बळाने नव्हे तर वारंवार पडण्याने, ही उत्साहवर्धक पुस्ती मध्ययुगीन लेखकांनी जोडली. ज्यू परंपरेतील रब्बी अकिवाची कथा वेगळी आहे. चाळिशीपर्यंत निरक्षर असलेल्या अकिवाने विहिरीपाशी पाण्याने कोरलेला दगड पाहिला आणि मऊ पाणी जर एवढे करते तर धर्मग्रंथाचे शब्द माझ्या हृदयावर का उमटणार नाहीत, असा विचार करून तो शिकू लागला. येथे दगड बाहेर नाही. तो स्वतःच्या आत आहे.

भारतातही अशीच कथा आहे आणि ती देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या वोपदेवाशी निगडित आहे. ‘मुग्धबोध’ या व्याकरणग्रंथाचा कर्ता आणि हेमाद्रीचा आश्रित वोपदेव हा लहानपणी मंदबुद्धी होता. विहिरीवरील दगडाला घागरी टेकून टेकून पडलेले खळगे पाहून तो पुन्हा गुरूकडे परतला, अशी दंतकथा शालेय पुस्तकांतून अनेक भाषांत पोहोचली आहे. तुकोबांच्या एका अभंगात खडक फोडणारे मूळ आणि चिऱ्याला कापणारा दोर एकत्र येतात आणि दोन्ही अभ्यासाचे सामर्थ्य सांगतात. मेइ चंगचा दोर येथे भेटतो, पण त्याच्या धाकाचा मागमूस नाही. या साम्यांवरून कोणताही ऐतिहासिक संबंध सुचवण्याचा हेतू नाही. विहीर, दोर आणि पागोळी जेथे आहेत, तेथे ही प्रतिमा स्वतंत्रपणे सुचू शकते. तुलनेला महत्त्व आहे ते प्रत्येक समाजाने दगड कोठे ठेवला, या प्रश्नामुळे.

अर्थपालटाचे याहून जवळचे उदाहरण मराठीतच आहे. वाळू रगडून तेल काढण्याचे वचन आपण प्रयत्नवादाचे प्रमाण म्हणून वापरतो. वामन पंडितांनी ज्या श्लोकाचा मराठी अवतार केला, तो भर्तृहरीच्या ‘नीतिशतका’तील श्लोक मात्र उलट बाजूचा आहे. वाळूतून तेल काढणे एक वेळ शक्य होईल, पण हट्टी मूर्खाचे मन वळवणे शक्य नाही, असे भर्तृहरीचे म्हणणे. प्रयत्नाच्या मर्यादेचे विधान पहिल्या चरणावर तोडले गेले आणि प्रयत्नाच्या महतीचे वचन झाले. जपानी म्हणीने दोर, पर्वत आणि राजा गाळले. आपण मूर्ख गाळला.

७

या विवेचनातून म्हणींच्या उगमाच्या अभ्यासासंबंधी एक निष्कर्ष काढता येतो. म्हणीचा उगम म्हणून आपण जेव्हा ग्रंथाचे आणि प्रकरणाचे नाव नोंदवतो, तेव्हा एका संवादातील एकच वाक्य उचलतो. ते वाक्य कोणी, कोणाला आणि कोणत्या प्रसंगी उच्चारले, ही माहिती नोंदीबाहेर राहते आणि अर्थ बहुधा तिच्यातच असतो. सेवकाने राजाला सांगितला तेव्हा थेंब हा इशारा होता. अधिकाऱ्याने कारकुनाला ऐकवला तेव्हा तो आरोप झाला. मरणासन्न गुरूने शिष्यांना सांगितला तेव्हा तो आधार झाला. शाळेच्या भिंतीवर लिहिला जातो तेव्हा तो उपदेश असतो आणि उपदेश करणारा कोण हे भिंतीवर लिहिलेले नसते.

चिकाटीच्या म्हणींकडे थोड्या सावधपणे पाहण्याचे कारण येथे सापडते. स्वतःला सांगितलेली चिकाटी आणि दुसऱ्याला सांगितलेली चिकाटी या दोन भिन्न गोष्टी आहेत. ज्याच्या हाती दगड आहे, त्याने थेंबाला धीर धरायला सांगणे सोपे असते. ‘युइक्योग्यो’तील उपदेशाचे बळ बोलणाऱ्याला त्यातून काहीच मिळवायचे नव्हते, यात आहे. मेइ चंगच्या पत्राचे बळ बोलणाऱ्याने त्यात सर्वस्व पणाला लावले होते, यात आहे. चांग युंगच्या निकालात यांपैकी काहीच नाही. तेथे प्रतिमा फक्त तलवारीला वाट करून देते.

जपानी म्हणीने राजा आणि कारकून या दोघांनाही विसरून पागोळी आणि दगड तेवढे ठेवले, हे तिचे भाग्य म्हणावे लागेल. परंतु अभ्यासकाला विसरण्याची मुभा नाही. कोशातील त्या एका ओळीच्या निर्देशापुढे आणखी एक ओळ जोडली जावी, एवढीच या निबंधाची अपेक्षा आहे : ‘हान शू’, मेइ चंगचे चरित्र, आशयासाठी ‘युइक्योग्यो’ पाहावे.